लाल फिल्टर आणि आजीचं कुंकू

फिल्मवर फोटो काढायला लागलेली पोरं माझ्याकडे दोन प्रश्न घेऊन येतात. कॅमेरा हातात आल्याबरोबर पहिला: "काका, कोणता फिल्टर घेऊ?" आणि रोल धुऊन आल्यावर दुसरा: "काका, चेहरे असे काळेठिक्कर काहून आले?" खरं तर दुसऱ्याचं उत्तर आधी कळलं तर पहिला निम्माशिम्मा आपोआप सुटतो. पण तसं होत नाही. ऑनलाइन रंगीबेरंगी काचांचा संच स्वस्तात मिळतो, सोबत छान डबी येते, तो आधी घेतला जातो.

ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत जावं म्हणून माझं मत सांगून टाकतो. ब्लॅक अँड व्हाईट रोल टाकणार असाल तर एक पिवळा फिल्टर घ्या. रंगीत टाकणार असाल तर सध्या काहीच घेऊ नका, ते पैसे आणखी एका रोलला लावा. फिल्टर फार तर कोणता रंग उजळ यायचा आणि कोणता गडद, एवढंच ठरवतो. सावली कुठे पडणार, डोळे दिसणार की नाही, गालावर उजेड कसा उतरणार, हे सगळं ऊन ठरवतं. आणि कोणत्या वेळचं, कोणत्या जागेचं ऊन घ्यायचं ते तुमच्या हातात असतं. आता बसा निवांत.

नव्वदच्या दशकात मी नागपूरच्या इतवारीतल्या एका स्टुडिओत कामाला होतो. लग्नाच्या ऑर्डरीला सनगन, म्हणजे हॅलोजनचा हातदिवा, धरायची, फ्लॅशचे सेल सांभाळायचे, रोल भरून द्यायचा, हे माझं काम. पासपोर्ट फोटोंना ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल असायचा, लग्नाला रंगीत. स्टुडिओचे मालक, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, फिल्टरच्या बाबतीत फार कंजूस होते. कॅमेऱ्याच्या बॅगेत दोनच फिल्टर, एक पिवळा आणि एक नारंगी. पण उजेडाच्या बाबतीत माणूस भलता चोखंदळ. नवरदेवाला मांडवातून उठवून ओसरीत आणून उभं करायचे, त्याच्या मामाचा राग ओढवून घ्यायचे, पण भर उन्हात फोटो घ्यायचे नाहीत.

त्याचं कारण नागपूरकराला वेगळं सांगायला नको. आपलं शहर साधारण २१ अक्षांशावर. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी बारा-दहाच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवशी शाळेच्या पोरांना मजा वाटते, फोटोवाल्याचे मात्र हाल. भुवया छज्जासारख्या डोळ्यांवर सावली धरतात, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात, नाकाची सावली ओठांवर उतरते. एप्रिल ते जून सकाळी दहापासून चारपर्यंत कमीअधिक हेच चालतं. कोणताही फिल्टर लावा, तो खड्डा भरत नाही. उलट पिवळा किंवा लाल लावला तर आणखी खोल होतो, कारण मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत येणारा उजेड मुख्यतः निळसर असतो आणि पिवळी-लाल काच नेमका तोच अडवते. हे बहुतेकांना माहीत नसतं. "कॉन्ट्रास्ट वाढतो" एवढं कुठेतरी वाचलेलं असतं, तो कशाने वाढतो हे नसतं वाचलेलं.

मग दुपारी काय करायचं? सावलीत जायचं. पण सावली-सावलीत फरक आहे आणि रंगीत रोलला तो फार जाणवतो. उन्हाळ्यात आपल्याकडे सिग्नलवर गाडीवाल्यांसाठी हिरवी नेट बांधतात. जीवाला गार वाटतं, पण त्या नेटखाली काढलेला चेहरा कावीळ झाल्यासारखा हिरवट-पिवळा येतो. कॉटन मार्केटमध्ये भाजीच्या दुकानांवर निळी ताडपत्री असते. तिच्याखाली टमाटर जांभळट आणि माणूस आजारी. मोबाइल असल्या गोष्टी गुपचूप दुरुस्त करून देतो म्हणून आपल्या लक्षात येत नाहीत. फिल्मला तसलं काही कळत नाही, जसा उजेड तसा रंग. यावर फिल्टर शोधत बसू नका. चार पावलं सरकून साध्या भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत या. मात्र दाट कडुनिंबाखाली उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडणार नाहीत एवढं पाहा, नाहीतर नाकावर एक पांढरा डाग आणि बाकी अंधार.

मला विचाराल तर नागपुरातला सगळ्यात चांगला उजेड महालातल्या जुन्या वाड्यांच्या चौकात मिळतो. आता फार वाडे उरले नाहीत, पण ज्यांच्या ओळखीत एखादा आहे त्यांनी जाऊन पाहावं. दुपारी ऊन चौकाच्या फरशीवर पडलेलं असतं. ओसरीत उन्हाची कड जिथे संपते तिथून हातभर आत माणसाला बसवायचं, तोंड चौकाकडे. फरशीवरून वर उडालेला उजेड आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परत आलेला उजेड, दोन्ही मिळून चेहऱ्यावर असे उतरतात की डोळ्यांत एक लहानसा पांढरा चौकोन चमकतो. तो चौकोन दिसला की फोटो घ्या. माणसाला आणखी हातभर मागे नेलं तर उजेड दोन स्टॉपने पडतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट) आणि डोळे विझतात. पुढे आणलं तर कपाळावर ऊन चढतं. सगळा खेळ त्या हातभर जागेचा. दादा पायाने फरशीवर रेघ दाखवायचे आणि म्हणायचे, "इथं बसवा जी, याच्या पुढे नको."

वाडा नसेल तर फ्लॅटची उत्तरेकडची खिडकी चालते. तिथून थेट ऊन जवळपास येत नाही, उजेड मऊ आणि बराच वेळ एकसारखा राहतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची पाटी उभी करा, झाला रिफ्लेक्टर. टीव्हीच्या खोक्यातून निघालेली पाटीसुद्धा चालते. पांढरं धोतर, चादर, काहीही, फक्त पांढरं हवं. गुलाबी चादर धरून नंतर गाल गुलाबी का आले म्हणून मला विचारू नका.

मीटरबद्दल एक गोष्ट. कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राला, जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. पांढऱ्या शेरवानीतला नवरदेव त्याला फार उजळ वाटतो म्हणून तो उजेड कमी करतो आणि शेरवानी राखाडी येते. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट फ्रेमभर घेतलात तरी तेच. अशा वेळी मीटर सांगेल त्यापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त द्यायचे. सोपा उपाय म्हणजे त्याच उन्हात आपला तळहात धरून त्यावर मीटर घ्यायचं आणि एक स्टॉप वाढवायचा. निगेटिव्ह फिल्म थोडं जास्त एक्स्पोजर सहज पोटात घालते, कमी पडलं की मात्र सावलीत काहीच उरत नाही. चेहरे काळेठिक्कर येण्याचं मुख्य कारण हेच: मागे लखलखीत आभाळ, मीटर आभाळाचं, आणि माणूस सावलीत.

भर उन्हात मीटरची गरजही नसते. शटर फिल्मच्या स्पीडच्या, म्हणजे रोलवर लिहिलेल्या आकड्याच्या, आसपास आणि अ‍ॅपर्चर एफ १६. म्हणजे १०० च्या रोलला १२५ वर (सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग) एफ १६, ४०० च्या रोलला ५०० वर एफ १६. इथे एक अडचण येते. पेंटॅक्स के १००० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांचं शटर १००० पर्यंतच जातं. ४०० चा रोल टाकून मे महिन्यात तुम्हाला मागचं धूसर करायला एफ ४ वर यायचं असेल तर शटर ८००० लागेल. ते आणायचं कुठून? म्हणून उन्हाळ्यात १०० किंवा २०० चा रोल टाका, नाहीतर एनडी ८ हा करड्या काचेचा फिल्टर लावा, तो तीन स्टॉप खातो आणि रंगाला धक्का लावत नाही. हा एक फिल्टर नागपूरकराने घेतला तर मी नावं ठेवणार नाही.

आता ब्लॅक अँड व्हाईटचे फिल्टर. नियम एकच: काच आपल्या रंगाला उजळ करते आणि विरुद्ध रंगाला काळवंडते. हे वाचून कळत नाही, म्हणून मी सगळ्यांना संत्र्याचा प्रयोग करायला सांगतो. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की पानासकट एक-दोन फळं आणा. पांढऱ्या ताटलीत खिडकीपाशी ठेवा, कॅमेरा तिपाईवर. एचपी ५ किंवा असाच ४०० चा रोल. चार फ्रेम घ्या: फिल्टरशिवाय, पिवळा, हिरवा, लाल. फिल्टर विकत घेऊ नका, कोणाकडून तरी मागून आणा.

फिल्टरशिवाय संत्रं मधल्या करड्या रंगाचं येतं आणि पान त्याच्याहून जरा गडद. ठीकठाक फोटो, पण संत्रं आहे की चिकू, सांगता येणार नाही. पिवळ्याने संत्रं उजळतं, सालीवरचे बारीक खड्डे अजून दिसतात, पान जवळपास तसंच राहतं. हिरव्याने उलट होतं, फळ काळवंडतं आणि पानाच्या शिरा उठून येतात. आणि लालने काय होतं? संत्रं पांढरं फटक, लिंबू वाटावं इतकं, सालीचे खड्डे सगळे धुऊन जातात, आणि पान कोळशासारखं काळं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हाच फोटो सगळ्यात भारी वाटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला की कळतं, यात संत्रं राहिलंच नाही.

हे चार फोटो घेताना उजेडाचं गणितही हाताखालून जातं. पिवळा एक स्टॉप खातो, नारंगी आणि हिरवा दोनच्या आसपास, लाल २५ नंबरचा तीन. खिडकीपाशी एफ ४ वर शटर ६० मिळत असेल तर लाल लावल्यावर ते ८ वर येतं, म्हणजे हातात धरून जमणार नाही. कॅमेऱ्याचं मीटर लेन्समधून पाहत असेल तर हा हिशोब ते स्वतःच करतं, फक्त लाल काचेमागे बरीच मीटरं गडबडतात. त्यांना लाल जरा जास्तच दिसतो आणि ती कमी एक्स्पोजर सांगतात. तिथे अर्धा ते एक स्टॉप वरून द्या. हातातलं मीटर किंवा मोबाइलचं अ‍ॅप वापरत असाल तर सोपी युक्ती म्हणजे मीटरवर स्पीडच बदलून ठेवायचा. ४०० चा रोल आणि पिवळा फिल्टर असेल तर २०० लावा, लाल असेल तर ५०.

आता कुंकवाची गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एका पोराने गच्चीवर आजीचा फोटो काढला. ऑक्टोबरचं निळं आभाळ, त्याला ते नाट्यमय काळं हवं होतं, म्हणून लाल फिल्टर. आभाळ आलं बाप्पा मस्त, वादळ येतंय असं वाटणारं. प्रिंट मोठी करून आणली, आजीच्या हातात दिली. आजीचं कुंकू जुन्या रुपयाएवढं, रोजचं. आजीने चष्मा लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाली, "काहून रे, माहं कुकू कुठी गेलं? तुहे आबा तं अजून जिते हायेत ना!" आबा पेपरामागे हसत होते म्हणे. पोराने माझ्याकडे येऊन विचारलं, लॅबने काही केलं का? लॅबने काहीच केलं नव्हतं. लाल काचेतून लाल कुंकू उजळ होतं, गव्हाळ कातडी पण लालसर म्हणून तीही उजळ होते, दोघांचा करडेपणा सारखा झाला की कुंकू कपाळात मिसळून जातं. ओठांचंही तेच, रंग उडालेले येतात. मुरुमांचे डागसुद्धा जातात, त्यामुळे कॉलेजच्या पोरांना लाल फिल्टर एकदम आवडतो, त्यात माझी काही हरकत नाही.

जुन्या अल्बममध्ये पणजीचं कुंकू पाहा, बहुतेक वेळा काळं कुळकुळीत येतं. तेव्हाच्या ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नसे, म्हणून लाल म्हणजे काळा. त्यामुळेच ती लाल दिव्याखाली धुता येत असे. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग पाहते, लाल काच लावून आपण तिला उलट्या टोकाला नेतो. बाईमाणसाचा फोटो असेल, नवरीचा लाल शालू असेल, तर पिवळ्यावर थांबा. कुंकू राहतं, आभाळ थोडं उतरतं, चेहरा खरा वाटतो. आजोबांच्या सुरकुत्या, उन्हात रापलेला शेतकरी, अशा चेहऱ्यांना हलका पिवळा-हिरवा फिल्टर छान जमतो, पण तो पहिली खरेदी म्हणून नको.

आणि आभाळ. आभाळ निळं असेल तरच फिल्टर त्याला गडद करतो. मे महिन्यात आपलं आभाळ धुळीने पांढुरकं असतं, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांनी राखाडी. पांढऱ्यात किंवा करड्यात निळं नाहीच, तर काच अडवणार काय? लाल लावून पावसाळी आभाळ काळं होण्याची वाट पाहणारे खूप भेटतात. आपल्याकडे फिल्टरचे खरे दिवस म्हणजे परतीचा पाऊस गेल्यावरचे, दसऱ्याच्या आसपासचे. हवा धुतलेली, आभाळ गडद, ढग कापसासारखे सुटे सुटे. त्या दिवसांत दीक्षाभूमीचा घुमट बाहेरून नारंगी फिल्टर लावून घ्या. सूर्य पाठीशी किंवा बाजूला हवा, सूर्याच्या बाजूचं आभाळ कोणत्याच फिल्टरने गडद होत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत मात्र घुमटाच्या मागे लागू नका. त्या दिवशी गावोगावहून आलेली माणसं पाहायची असतात.

तान्ह्या पोळ्याला मारबतीची, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते तेव्हा तर मी काहीच लावत नाही. इतवारी-महालच्या अरुंद गल्ल्या, वर ढग, धक्काबुक्की. एक-दोन स्टॉपसुद्धा परवडत नाहीत. पिवळी मारबत फिल्मवर तशीही उजळ येते, त्यात पिवळी काच लावली तर चेहऱ्याचा रंग आणि मागचं ढगाळ आभाळ एक होतात. काळ्या मारबतीला वेगळी काळजी: फ्रेम तिनेच भरली तर मीटरला वाटतं अंधार आहे, ते जास्त उजेड देतं आणि काळी मारबत करडी होते. तिथे दीड स्टॉप कमी करा, किंवा रस्त्यावर मीटर घेऊन ठेवा आणि मग हात लावू नका. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडणारी पोरं अंगावर येत असताना अ‍ॅपर्चर फिरवत बसायला वेळ नसतो.

रंगीत रोलचं थोडक्यात. गोल्ड २००, अल्ट्रामॅक्स ४०० हे बाजारात मिळणारे रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेले, ५५०० केल्व्हिनच्या. केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तर उजेड पिवळा, जास्त तर निळा. पिवळा दिवा २८०० च्या आसपास, म्हणून त्याखाली सगळं नारंगी. आमच्या वेळी हळदीच्या कार्यक्रमात हॅलोजनची सनगन लावली की हळद, पितळेची परात, पिवळी साडी, नवरीचे हात, सगळा एकच लगदा यायचा. त्यावर ८०ए नावाचा निळा फिल्टर असतो, पण तो दोन स्टॉप खातो. ४०० चा रोल १०० चा होतो, आणि मांडवात १०० वर फोटो घेणार कसे? म्हणून आम्ही सनगन व्हिडिओवाल्याला सोडून द्यायचो आणि फ्लॅश मारायचो. फ्लॅशचा रंग दिवसासारखाच. आजही घरात रंगीत रोल टाकायचा असेल तर मी हेच सांगेन. फ्लॅश नसेल तर निदान एक स्टॉप जास्त द्या. पिवळ्या उजेडात निळा कमी असल्याने फिल्मचा निळा थर उपाशी राहतो. थोडं जास्त एक्स्पोजर मिळालं तर स्कॅन करताना रंग ओढून आणता येतो, नाहीतर सावलीत नुसता चिखल.

आता घरोघरी एलईडी. त्यात "कूल डे-लाइट" लिहिलेला ६५०० केल्व्हिनचा बल्ब आपल्याकडे फार चालतो. त्याखाली रंगीत फिल्म किंचित निळी येते, ते स्कॅनमध्ये सुटतं. पण स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल रंग नीट नसतो, चेहरा मेलेला दिसतो, आणि जे उजेडातच नाही ते फिल्टर कुठून आणणार? खिडकी उघडा. दिवाळीच्या पणत्यांना मात्र काही करू नका, पणती नारंगीच दिसायला हवी. सिनेस्टिल ८०० टी नावाचा रोल सध्या पोरांत गाजतोय. तो सिनेमाच्या फिल्मपासून बनवलेला, ३२०० केल्व्हिनचा, म्हणून पिवळ्या दिव्यांत रंग सरळ येतो. दिव्यांभोवती लाल वलयं येतात ती त्याच्या पाठीवरचा काळा थर काढलेला असतो म्हणून. रात्रीच्या सीताबर्डीला छान, पण दिवसा वापरायचा तर ८५बी हा अंबर फिल्टर लागतो, नाहीतर सगळं निळं.

रंगीत रोलच्या फिल्टरांत पोलरायझर असा की ज्याचं काम स्कॅनमध्ये नंतर करता येत नाही. फुटाळ्याच्या पाण्यावरची चमक, संत्र्याच्या पानांवरचा तेलकट पांढुरका थर तो काढतो, आणि सूर्यापासून काटकोनातलं आभाळ गडद करतो. दीड-दोन स्टॉप जातात. हाताने फोकस करायच्या जुन्या कॅमेऱ्याला साधा लिनिअर चालतो, ऑटोफोकसवाल्याला सर्क्युलर घ्या. फुटाळ्यावर संध्याकाळी मात्र पाण्यात पसरलेला सोनेरी पट्टाच हवा असेल तर तो काढून खिशात टाका. पट्टा म्हणजे चमकच.

खरेदी करताना लेन्सच्या तोंडाचा आकार पाहा, तो लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणावर लिहिलेला असतो. जुन्या पेंटॅक्सच्या ५० एमएमला बहुधा ४९, निकॉनच्याला ५२. दोन लेन्स असतील तर मोठ्या आकाराचा एकच फिल्टर आणि तो लहान लेन्सवर बसवणारी एक स्टेप-अप रिंग घ्या, दोनदा पैसे कशाला. स्वस्तातल्या संचातल्या बऱ्याच काचांवर कोटिंग नसतं, समोर दिवा आला की भुतासारखा दुसरा दिवा फोटोत उगवतो. त्याच कारणाने रात्री यूव्ही फिल्टरसुद्धा काढून ठेवा. उन्हाळ्यात रिंग अडकली तर जोर लावू नका, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून फिरवा, लगेच सुटते. पावसाळ्यात फिल्टर डबीत सिलिका जेलसोबत ठेवा, बुरशी काचेवर पण चढते. आणि रोल फ्रीजमध्ये, गाडीच्या डिकीत नाही. मे महिन्यातल्या बंद डिकीत फिल्म शिजते. फ्रीजमधून काढल्यावर तास-दोन तास डबी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

आता शेवटचं आणि हे कोणी सांगत नाही. रोल धुवायला आणि स्कॅनला देताना लॅबवाल्याला सांगा की संत्र्याच्या चारही फ्रेमना एकच सेटिंग ठेवा, आपोआप दुरुस्ती बंद करा. स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट स्वतःच्या मनाने सारखा करून टाकतो. मग पोरं येऊन म्हणतात, काका, पिवळ्या फिल्टरने काही फरकच पडत नाही. निगेटिव्ह मागून घ्या, खिडकीवर पांढरा कागद चिकटवून त्यावर धरा. पिवळ्याच्या फ्रेममध्ये संत्रं जास्त काळं दिसेल, कारण निगेटिव्हमध्ये उलटं असतं. वहीत फ्रेमचा नंबर, फिल्टर, शटर आणि वेळ लिहून ठेवली असेल तर कोणती फ्रेम कोणती ते शोधावं लागणार नाही. वही नसेल तर घेऊन या, माझ्याकडे स्टुडिओच्या जुन्या बिलबुकांचे कोरे कागद पडलेत.